गिअरबॉक्सची गळती: आधी शोधा, मग पाना उचला

इंजिनातल्या तेलाचा दाब गेला तर डॅशबोर्डवर लाल दिवा पेटतो. कूलंट तापलं तर काटा वर चढतो. गिअरबॉक्सच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. बहुतेक छोट्या मॅन्युअल गाड्यांत त्याला दिवा नसतो, काटा नसतो आणि तेल बघायला डिपस्टिकही नसते. तेल किती उरलंय हे कळण्याचा एकच मार्ग म्हणजे गाडीखाली शिरून प्लग उघडणं. त्यामुळे गिअरबॉक्स गळायला लागला की बहुतेकांना त्याचा पत्ता पार्किंगच्या फरशीवरच्या डागावरून लागतो, किंवा मग उशिरा, पाचव्या गिअरमध्ये घरघर ऐकू आल्यावर.

डाग छोटा दिसतो म्हणून दुर्लक्ष होतं. एक साधा हिशेब करा. तेलाचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा धरला आणि मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला साधारण ७० मिलिलिटर तेल जातं. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये एकूण तेल दोन-अडीच लिटरच्या आसपास असतं. म्हणजे महिनाभरात पेटी जवळजवळ रिकामी. या पेट्यांत बहुधा तेलाचा पंप नसतो. खालचे गिअर तेलात बुडून फिरतात आणि तेच तेल वर उडवतात. पातळी खाली गेली की वरचे आणि टोकाचे भाग कोरडे पडू लागतात. अनेक आडव्या गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर पेटीच्या एका टोकाला असतो, म्हणून पहिली तक्रार बऱ्याचदा तिथूनच येते. तिथपर्यंत गेलं की काम ऑइल सीलचं राहत नाही, बेअरिंगचं आणि गिअरचं होतं.

यातल्या बऱ्याच गळत्या घरच्या घरी थांबवता येतात. अट एकच: गळती नेमकी कुठून आहे हे ठरल्याशिवाय एकही नट सैल करायचा नाही. या कामात शोधायला वेळ लागतो, दुरुस्ती त्यामानाने लवकर उरकते. पुढचं मार्गदर्शन मुख्यतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे आल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, आय-१० या जातीच्या. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जा.

थेंब कशाचा आहे?

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि पुढची चाकं कुठे येतात ते त्यावर पेनाने खुणावून ठेवा. सकाळी डागाचा रंग, वास आणि जागा तिन्ही बघा.

गिअर ऑइल नवं असताना मधासारखं पिवळसर असतं, जुनं झालं की तपकिरी होतं. बोटांवर घेतलं तर बऱ्याचदा इंजिन ऑइलपेक्षा दाट लागतं, पण खरी ओळख वासाची. त्यात गंधकयुक्त रसायनं असल्यामुळे उग्र, कुजकट वास येतो. इंजिन ऑइल वापरात लवकर काळं पडतं आणि त्याला जळका वास असतो. पातळ, फिकट पिवळा आणि बोटांवर बुळबुळीत द्रव असेल तर तो ब्रेक फ्लुइड असण्याची शक्यता मोठी. क्लच हायड्रॉलिक असलेल्या गाडीत तो गिअरबॉक्सजवळच्या क्लच सिलिंडरमधून येतो. हिरवं किंवा गुलाबी, गोडसर वासाचं पाणी म्हणजे कूलंट. आणि नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं आहे, निश्चिंत राहा.

आणखी एक फसवणूक लक्षात ठेवा. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि सस्पेन्शनवर काळसर चिकट ग्रीस उडालेलं दिसलं तर गिअरबॉक्स निर्दोष असू शकतो. ड्राइव्हशाफ्टच्या, म्हणजे पेटीतून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, सांध्यावरचं रबरी बूट फाटलं की आतलं ग्रीस असं गरगर फेकलं जातं. ते काम वेगळं आहे, आणि तेही टाळण्याजोगं नाही.

गळती कुठून आहे?

तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतोय तिथे गळती असेलच असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची असते.

त्यासाठी पेटी आधी धुवून घ्या. डीग्रीजर किंवा डिझेल आणि जुना ब्रश घेऊन मातीचा थर काढा, मग फडक्याने कोरडं पुसा. उरलेला तेलकटपणा ब्रेक क्लीनरच्या फवाऱ्याने जातो. हे इंजिन थंड असतानाच करा, कारण डिझेल आणि क्लीनर दोन्ही पेट घेतात. कोरड्या पेटीवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा आणि पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून आणा. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे प्रथम भिजली असेल ती गळतीची जागा.

संशयित जागा ठरावीकच असतात:

१. तळाचा ड्रेन प्लग आणि बाजूचा भरण्याचा प्लग.
२. दोन्ही बाजूंना ड्राइव्हशाफ्ट जिथे पेटीत शिरतो तिथलं ऑइल सील. गॅरेजमध्ये याला सरसकट ॲक्सल सील म्हणतात. छोट्या गाड्यांत सगळ्यात जास्त तक्रार याचीच.
३. गिअर बदलणारा दांडा पेटीत जातो तिथलं छोटं सील.
४. रिव्हर्स लाइटचा स्विच. आट्यांनी बसवलेला असतो, खाली वायसर असतो.
५. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरच्या केबलचा गिअर जिथे बसतो तिथली ओ-रिंग.
६. पेटीचे दोन भाग जिथे जुळतात तो सांधा.
७. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधला घुमट, म्हणजे बेल हाउसिंग. त्याच्या तळातून तेल ठिबकत असेल तर आतलं इनपुट शाफ्टचं सील गेलंय, किंवा इंजिनाचं मागचं सील. कोणतं ते वासावरून ठरवा.

सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

पेटीच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की पेटी तापते आणि आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला हीच वाट असते. पावसाळ्यातल्या चिखलाने किंवा वर्षानुवर्षांच्या तेलकट धुळीने ती बुजली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकललं जातं. अशा गाडीला नवं सील घातलं तरी काही महिन्यांत तेही ओलं होतं आणि दोष बिचाऱ्या सीलवर येतो.

ब्रीदर वरून, बॉनेट उघडून दिसतो. आजूबाजूची धूळ आधी पुसा म्हणजे ती आत पडणार नाही. टोपी बोटाने हलते का ते बघा, नळी असेल तर काढून फुंकून बघा. गळती फक्त लांबच्या प्रवासानंतर वाढत असेल आणि एकाच वेळी दोन-तीन जागा ओल्या दिसत असतील, तर पहिला संशय ब्रीदरवर घ्या. दुसरा संशय जास्त भरलेल्या तेलावर. आदल्या सर्व्हिसिंगमध्ये कुणी अंदाजाने तेल ओतलं असेल तर तेही असंच वाट काढतं.

घरी काय करायचं, गॅरेजला काय द्यायचं

प्लगचे वायसर, रिव्हर्स स्विच, स्पीडोमीटरची ओ-रिंग आणि ब्रीदर ही कामं नवखा माणूसही अर्ध्या दिवसात करू शकतो. बाहेरून हात पोचत असेल तर गिअर दांड्याचं सीलही करता येतं. ॲक्सल सील हे त्याच्या वरच्या पायरीचं काम. ब्रेक पॅड किंवा शॉक ॲब्सॉर्बर स्वतः बदललेल्या माणसाने ते एका रविवारी करावं, तेही सोबत दुसरा माणूस असताना.

इनपुट शाफ्टचं सील आणि पेटीचा सांधा यांच्या वाटेला घरी जाऊ नये. दोन्हींसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ते वजन छातीवर घेऊन झेलण्याचं नसतं, आणि परत बसवताना शाफ्ट क्लच प्लेटमध्ये सरळ गेला नाही तर प्लेटच वाकते.

गाडीच्या रचनेतही फरक असतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत ड्राइव्हशाफ्ट फ्लँजला बोल्टने जोडलेला असतो. रेनोच्या लोगनसारख्या गाड्यांत डाव्या बाजूचं रबरी बूटच गिअरबॉक्सचं तेल अडवतं, म्हणजे तिथे बूट फाटलं की तेल सरळ रस्त्यावर. एएमटी गाड्यांची पेटी मुळात मॅन्युअलच असते, पण क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असेल तर तिचं तेल निराळं असतं. गळती तिथून असेल तर हात लावू नका.

तेल आणि सुटे भाग आधी आणा

गाडी उघडून ठेवून बाजारात धावायची वेळ येऊ नये. तेलाचा प्रकार गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९० असा दाटपणा आणि जीएल-४ किंवा जीएल-५ असा दर्जा. जीएल-५ आकड्याने मोठा म्हणून चांगला, असं समजू नका. त्यात जड दाब सोसण्यासाठीची गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगांना, म्हणजे सिंक्रोनायझरला, ती बाधू शकतात. शिवाय अशा तेलात रिंग घसरते आणि गिअर अडखळत पडतो. जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे जीएल-४च घाला. होंडासारख्या काही कंपन्या मॅन्युअल पेटीसाठी स्वतःचं वेगळं तेल सांगतात, तिथे दुकानदाराचं “सगळ्यात चालतं” हे वाक्य ऐकून घेऊ नका.

ऑइल सीलवर तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३५-५६-८. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. पण नुसत्या आकड्यांवर सील घेऊ नका. डावं आणि उजवं सील दिसायला सारखं असलं तरी ओठावरच्या बारीक रेषांची दिशा वेगळी असू शकते, आणि त्याप्रमाणे सीलवर बाण किंवा खूण असते. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि बाजू सांगून अस्सल भाग मागा. पुण्यातली नाना पेठ असो वा मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, सुट्या भागांच्या बाजारात अस्सल आणि नकली शेजारी शेजारी मांडलेले असतात. सील हा स्वस्त भाग आहे. तिथे वाचवलेले पैसे पुन्हा तेल बदलण्यात जातात.

यादी अशी करा: सील, ड्रेन आणि भरण्याच्या प्लगचे नवे वायसर, ड्राइव्हशाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (स्प्रिंगची कडी), तेल (मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर जास्त), गोटी पान्यांचा संच, टॉर्क रेंच, टॉमी (उचकायची पहार), नरसाळं, मीटरभर पारदर्शक नळी, पसरट घमेलं, हातमोजे आणि चष्मा.

गाडी उचलताना

या लेखातला हा भाग वगळून पुढे जाऊ नका. गाडीसोबत येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. सपाट सिमेंटची जमीन निवडा. डांबर उन्हात मऊ होतं, माती आणि फरशी खचते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. गाडी जॅकने उचला आणि मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागांवर जॅक स्टँडवर, म्हणजे घोड्यांवर, टेकवा. विटा आणि दगडी ठोकळे चालत नाहीत, ते न सांगता फुटतात. गाडी टेकल्यावर ढोपराने दोन-तीनदा ढकलून बघा. हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा, दुर्दैवाने स्टँड निसटलाच तर तेवढी जागा वाचते.

प्लगची गळती

सगळ्यात सोपं काम, पण एक क्रम पाळावाच लागतो: भरण्याचा प्लग आधी सैल करा, तळाचा नंतर. भरण्याचा प्लग गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधीच सोडून दिलं असेल, तर गाडी रिकाम्या पेटीने दारात अडकून पडते. वरचा निघतोय याची खात्री झाल्यावरच खालच्याला हात लावा.

तेल कोमट असताना सोडा. थोडी फेरी मारून आलात की गाळ ढवळून निघतो, पण भाजण्याइतकं गरम असताना नको. ड्रेन प्लगला बहुधा चुंबक असतं. त्यावर काळपट, मऊ, पेस्टसारखा थर असेल तर ते नेहमीच्या झिजेचं लक्षण आहे, पुसून टाका. टोचणारे तुकडे, चकत्या किंवा गिअरचा दात सापडला तर थांबा. सील बदलून भागणार नाही, पेटी उघडून बघावी लागेल. सोडलेलं तेल मापून ठेवा. असायला हवं त्यापेक्षा ते किती कमी भरलं, यावरून गळती किती दिवसांची आहे याचा अंदाज येतो.

तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर दाबला गेला की त्याची जागा धरतो. तोच पुन्हा लावला तर प्लग कितीही आवळला तरी पाझर राहतो. मग लोक आणखी आवळतात, आणि ॲल्युमिनियमच्या पेटीतले आटे जातात. एवढ्याशा वायसरपायी मोठं काम ओढवून घेण्याची ही सगळ्यात सोपी रीत. नवा वायसर घाला, आटे पुसा, हाताने फिरवून सुरू करा आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. काही गाड्यांत प्लगला वायसर नसतो, त्याच्या आट्यांवर सीलंट लावायचं असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी बघून घ्या.

ॲक्सल सील बदलताना

हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला मोठा नट, बऱ्याच गाड्यांत न काढताही हे काम होतं. तो फार जोराने आवळलेला असतो आणि घरी तो सोडवण्यात अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा खालचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा सगळा हब बाहेरच्या बाजूला वळवला, तर ड्राइव्हशाफ्ट पेटीतून सुटण्याइतकी जागा मिळते.

क्रम असा:

१. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करा. मग गाडी उचला, स्टँडवर टेकवा, चाक काढा, तेल सोडून द्या.

२. एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून मोकळी करा. ब्रेकची नळी ताणली जात असेल तर कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला बांधा. तो नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही.

३. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढा आणि कंट्रोल आर्म टॉमीने खाली दाबून जॉइंट मोकळा करा. अँटी-रोल बारचा ताण येत असेल तर तोही सोडवावा लागतो. गरज पडली तर स्टीअरिंगचा टाय रॉडही.

४. ड्राइव्हशाफ्टचा आतला सांधा आणि पेटी यांच्या फटीत टॉमी घालून झटका द्या. आतली सर्क्लिप सुटते आणि सांधा बाहेर सरकतो. शाफ्ट धरून कधीही ओढू नका. ओढलात तर पेटीतून सुटण्याऐवजी सांधा स्वतःच आतून उसवतो. टॉमी पेटीच्या जाड भागावर टेकवा, सीलच्या कडेवर नको.

५. शाफ्ट लोंबता न सोडता तारेने बांधा. आणि दोन्ही बाजूंची सीलं बदलायची असली तरी एका वेळी एकच बाजू. काही पेट्यांत दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर डिफरन्शिअलमधले गिअर जागचे हलतात.

६. जुनं सील काढण्याआधी ते कडेपासून किती आत बसलंय ते मोजा. मग सील पुलरने किंवा स्क्रूड्रायव्हरने उचका. पेटीच्या भोकाला ओरखडा पडू देऊ नका, नवं सील बाहेरून गळेल ते त्याच ओरखड्यातून.

७. आता घाई न करता शाफ्ट बघा. सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवा ओठ त्याच खाचेत बसून पुन्हा गळणार. भोकाची खोली परवानगी देत असेल तर सील एखाद-दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवून ओठ कोऱ्या पट्ट्यावर आणता येतो. दुसरी बाब खेळ. शाफ्ट परत घातल्यावर तो पेटीत वर-खाली ठळकपणे हलत असेल तर बेअरिंग झिजलंय आणि कितीही सीलं घातली तरी ती टिकणार नाहीत. वरचेवर सील जातं अशा गाड्यांत बहुतेक वेळा खरं दुखणं या दोहोंपैकी एक असतं.

८. नवं सील जुन्याशेजारी ठेवून ताडून बघा. स्प्रिंग असलेला ओठ आत, तेलाच्या बाजूला. ओठावर ग्रीसचं बोट फिरवा, बाहेरच्या कडेला गिअर ऑइल. सीलच्या बाहेरच्या व्यासाची मोठी गोटी किंवा पीव्हीसी पाइपचा सरळ कापलेला तुकडा टेकवून हातोडीने हलक्या हाताने ठोका. एका बाजूला झुकलं तर तिरपं ठोकत राहू नका, काढून नव्याने सुरू करा.

९. शाफ्टवर नवी सर्क्लिप चढवा. शाफ्ट सरळ धरून आत सरकवा. त्याचे दाते नव्या ओठाला लागले तर काम तिथेच वाया जातं, म्हणून दुसऱ्या माणसाने हब सावरून धरावा. क्लिप बसल्याचा टक असा आवाज येतो. सांध्याची वाटी हाताने ओढून बघा, बाहेर येता कामा नये.

१०. बॉल जॉइंट, टाय रॉड, कॅलिपर, सगळं ठरलेल्या टॉर्कला आवळा. एकदा वापरलेले लॉक नट आणि पिना पुन्हा वापरू नका. हे बोल्ट गिअरबॉक्सचे नाहीत, तुमच्या स्टीअरिंगचे आणि ब्रेकचे आहेत.

तेल भरणं आणि खात्री करणं

तेल भरताना गाडी आडवी, सपाट असली पाहिजे. पुढचं टोक वर असेल तर माप चुकतं. एक सोयीची युक्ती म्हणजे बॉनेटमधून लांब नळी थेट भरण्याच्या भोकात उतरवायची आणि वर नरसाळं लावायचं. म्हणजे चारही चाकं जमिनीवर ठेवून भरता येतं. थंड तेल हळूहळू उतरतं, वाट बघावी लागते. भोकाच्या खालच्या काठाला तेल येऊन बाहेर ओघळायला लागलं की पातळी झाली. मॅन्युअलमधल्या मापाशी ताळा करा, मग प्लग लावा.

पेटी पुन्हा पुसून कोरडी करा. पहिली फेरी घराजवळचीच घ्या. सगळे गिअर टाका, दोन्हीकडे पूर्ण वळणं घ्या, ब्रेक तपासा. परत येऊन बघा, मग शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा बघा. आधीच्या खाचाखोचांत अडकलेलं तेल दोन-चार दिवस उतरत राहतं, त्याला घाबरू नका. नव्याने पुसलेली जागा पुन्हा ओली झाली तरच काळजी.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, बोलेरोसारखी, तर ड्राइव्हशाफ्टच्या जागी पेटीच्या शेपटाचं सील बघायचं असतं. तिथे प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांवर रंगाने खुणा करा आणि त्याच खुणांवर परत जोडा, नाहीतर धावताना गाडी थरथरते.

या वाटा टाळा

फिरत्या शाफ्टभोवती एम-सील लिंपून गळती थांबत नाही. दगडाचा फटका बसून पेटीला बारीक चीर गेली असेल तर तेल सोडून, जागा अगदी कोरडी करून लावलेलं इपॉक्सी गॅरेजपर्यंत पोचवतं, तेवढाच त्याचा उपयोग. सील फुगवणारी रसायनं कडक झालेल्या रबराला थोडे दिवस मऊ करतात. फाटलेला ओठ किंवा झिजलेलं बेअरिंग त्यांनी बरं होत नाही. आणि “दर महिन्याला थोडं तेल घालत राहू” हा बेत ॲक्सल सीलच्या गळतीत तर धोक्याचा आहे. फिरणारा शाफ्ट तेल उडवतो आणि ते ब्रेक डिस्कपर्यंत जाऊ शकतं.

काढलेलं तेल गटारात ओतू नका आणि झाडाच्या बुंध्याशीही नाही. वाळवी लागू नये म्हणून खांबांना जळकं ऑइल चोपडायची आपल्याकडे सवय आहे, पण ते पावसाने धुऊन शेवटी विहिरीच्या पाण्यातच जातं. वापरलेलं तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येतं. बंद कॅनमध्ये भरा आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे तेल पाठवणाऱ्या वर्कशॉपला द्या.

गॅरेजला जायची वेळ आली तर

बेल हाउसिंगमधून तेल येतंय असं ठरलं तर काम मोठं आहे, पण तुमची शोधमोहीम फुकट गेलेली नाही. “गाडी गळतेय, बघा” असं सांगणाऱ्याच्या गाडीवर प्रयोग होतात. “पावडर टाकून बघितलं, ब्रीदर साफ आहे, ॲक्सल सीलं कोरडी आहेत, खालून गिअर ऑइलचा वास येतोय” असं सांगणाऱ्याशी मिस्त्रीला नेमकं बोलावं लागतं. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं सील त्याच वेळी तपासून घ्या. मजुरीचा मोठा भाग पेटी उतरवण्या-चढवण्याचा असतो, तो दोनदा का द्यायचा? काढलेली सीलं परत मागा आणि कोणतं तेल किती घातलं ते बिलावर लिहून घ्या.

काम घरी केलं असेल तर तीच नोंद तुम्ही ठेवा: तारीख, किलोमीटर, तेलाचा दर्जा, सीलचा पार्ट नंबर. बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलं तरी पुरे. आणि इथून पुढे दर सर्व्हिसिंगला गाडी वर उचललेली असताना भरण्याचा प्लग उघडून पातळी बघायला सांगा. गिअरबॉक्स स्वतःहून काही सांगणार नाही. त्याला विचारण्याचं काम गाडीच्या मालकाचं.